फुटपाथवर झोपलेला माणूस कोण? रात्रीच्या फेरीला निघण्याआधी वाचा

दरवर्षी समाजकार्याच्या कॉलेजातली नवी मुलं आमच्याकडे फील्डवर्कला येतात आणि पहिल्याच दिवशी वही उघडून विचारतात, "ताई, बेघरांचे प्रकार किती?" त्यांना आकडे घातलेली यादी हवी असते, परीक्षेत लिहायला सोपी. मी यादी देत नाही. रात्री जेवून अकरा वाजता भायखळा स्टेशनबाहेर या, म्हणते. गळ्यातलं ओळखपत्र खिशात ठेवा, फोटो काढायचे नाहीत, बिस्किटांचे पुडे आणायचे नाहीत. बिस्किटं आणलीत की तुम्ही वाटप करणारे होता, आणि वाटपवाल्याला लोक त्याला हवं असलेलंच उत्तर देतात.

निघण्याआधी एक गोष्ट मात्र पक्की करून घ्या. माणूस रस्त्यावर का आला आणि रस्त्यावरच का राहिला, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर एका वाक्यात मिळतं: दुष्काळ पडला, नवरा मारायचा, भावाने जमीन लिहून घेतली, दारू. दारूपायी घराबाहेर पडणारे प्रत्येक गावात असतात, पण सगळे काही दादरच्या पुलाखाली येऊन झोपत नाहीत. जो आला आणि राहिला, त्याच्या बाबतीत आणखी काय काय आटलं, हे शोधायला फेरी असते.

वेळ

संध्याकाळी सातला गेलात तर फुटपाथ फेरीवाल्यांचा असतो. शटरं खाली आली, दुकानांच्या पायऱ्या मोकळ्या झाल्या की झोपणारे येतात. पहाटे पाचनंतर नाक्यावरचे बिगारी उठून गेलेले असतात. म्हणून रात्री अकरा ते एक ही वेळ. याच्या अलीकडे-पलीकडे गेलात तर फक्त आजारी, म्हातारे आणि नशेत असलेलेच दिसतील, आणि तुम्ही घरी जाऊन सांगाल की बेघर म्हणजे असेच असतात. बहुतेक लोकांचं मत दिवसाउजेडी बनलेलं असतं, म्हणून ते चुकीचं असतं. रस्त्यावर झोपणारी बरीच मंडळी दिवसा कामावर असतात.

२०११च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री बेघरांची मोजणी झाली. देशात १७ लाख ७३ हजार, महाराष्ट्रात २ लाख १० हजारांच्या आसपास, मुंबईत ५७ हजारांच्या वर. रात्री फिरणाऱ्या कुणालाही मुंबईचा हा आकडा कमी वाटतो. त्याचं एक कारण पुढे बायकांबद्दल लिहिताना येईल.

आधी जागा बघा, मग माणूस

झोपायची जागा कुणी उगाच निवडत नाही. जागेला पाणी जवळ लागतं, संडास लागतो, वरून थोडा आडोसा लागतो आणि कामाची किंवा जेवणाची वाट पायी असावी लागते. त्यामुळे जागा नीट पाहिली की अर्धं कारण तिथेच कळतं.

परळला टाटा आणि केईएम हॉस्पिटलांच्या भोवती पाहा. चटई, स्टीलचा डबा, एक्स-रेचं मोठं पाकीट आणि उशाशी फाइल. ही कॅन्सरच्या पेशंटची माणसं. बिहार, बंगाल, विदर्भ, खानदेश, कुठूनही आलेली. यांना गावात घर आहे, कित्येकदा शेतीही आहे, किंवा महिन्यापूर्वीपर्यंत होती. दादरला संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, तिथे अशांची सोय होते, पण पेशंट जास्त आणि खोल्या कमी. केमोच्या दोन डोसांमध्ये तीन आठवडे जातात. गावी जाऊन परत येण्याचं भाडं दोघांचं किती, आणि तेवढा प्रवास पेशंटला झेपतो का, याचा हिशेब करून ते फुटपाथवर राहतात. त्यांना "तुमचं घर नाही का?" विचारलंत तर ते दुखावतील, आणि त्यांचं बरोबर आहे.

मशीद बंदर, क्रॉफर्ड मार्केटकडे वळलात की हातगाड्यांवरच झोपलेले पुरुष दिसतील. गाडी रोजाने घेतलेली असते. सोडून दुसरीकडे झोपायला गेलं आणि गाडी गेली तर भरपाई डोक्यावर. हे एकटे पुरुष महिन्याचे पैसे गावी लावतात. दहा जणांत मिळून खोली घेता येत नाही का, असं मुलं विचारतात. भाडं एकवेळ जमतं, डिपॉझिट जमत नाही. आणि खोली मिळते ती मानखुर्द, मुंब्र्याकडे. पहाटे चारला ट्रक लागतो तेव्हा तिथून यायला गाडी नसते.

देवळं, दर्गे, गुरुद्वारे यांच्या आसपास जेवण मिळतं, म्हणून तिथे म्हातारे आणि अपंग जास्त. स्टेशनांवर पळून आलेली मुलं. लग्नाच्या दिवसांत हॉलच्या मागच्या गल्लीत कॅटरिंगवाल्यांची पोरं, काळी पँट उशाशी घडी करून ठेवलेली. ती पँट वाळत घातलेली दिसली की समजा, आज काम नव्हतं.

फुटपाथवर संसार मांडून राहणारी कुटुंबं मात्र वेगळी. त्यांचं दिवसाही तिथेच चालतं: चूल, हंडे, पोरं, शाळेचं दप्तर. भायखळ्याकडे अशांची तिसरी पिढी सापडते. आजी ७२च्या दुष्काळात आली, आई इथेच जन्मली, नात पालिकेच्या शाळेत जाते. १९८१मध्ये अंतुले मुख्यमंत्री असताना यांना उचलून मुंबईबाहेर पाठवायचं फर्मान निघालं आणि प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. ओल्गा टेलिस खटला तो हाच. १० जुलै १९८५च्या निकालात कोर्टाने मान्य केलं की जगण्याच्या हक्कात पोट भरण्याचा हक्क येतो, आणि हे लोक कामाजवळ राहतात म्हणून फुटपाथवर आहेत. फुटपाथवर राहण्याचा हक्क मात्र दिला नाही. नोटीस द्या आणि हटवा, एवढंच. कायदा शिकणारी पोरं निकालाचा पहिला भाग पाठ करतात. फुटपाथवरच्या बायकांना दुसरा भाग पाठ आहे.

झोपडीला निदान संरक्षणाची तारीख आहे. १ जानेवारी २००० आधीचा पुरावा असेल तर पुनर्वसनात फुकट घराला नाव लागतं, १ जानेवारी २०११पर्यंतचा असेल तर पैसे भरून. पण पुरावा झोपडीचा लागतो. जिची ताडपत्री दर दोन महिन्यांनी पालिकेची गाडी घेऊन जाते, तिने कसला पुरावा दाखवायचा? ताडपत्रीबरोबर बोचकं जातं, बोचक्यात रेशनकार्ड. अनुभवी बायका म्हणूनच कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून कमरेला बांधतात. अंघोळीला गेल्या तर पिशवी मुलीच्या कमरेला.

सिग्नलवर गजरे, तिरंगे विकणारी पारधी कुटुंबं यातच धरू नका, त्यांना वेगळं पान द्या. इंग्रजांनी १८७१च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ला गेला, संशय गेला नाही. गावाकडे चोरी झाली की पहिली धाड यांच्या पालावर. शहरात जात कळली की झोपडपट्टीतही कुणी खोली देत नाही. जातीचा दाखला काढायचा तर १९५०च्या आधीचं वास्तव्य दाखवा. आजा पालात जन्मला, आजीचं नाव कुठल्या दप्तरात नाही, मग दाखवायचं काय? यांचं "का राहिले" हे गरिबीच्या पलीकडचं आहे. पैसे हातात आले तरी खोली मिळत नाही.

विचारायचं कसं

उभं राहून बोलू नका. बसा, जरा बाजूला, वाट अडवून नाही. झोपलेल्याला उठवायचं नाही. वही लगेच काढू नका. महाराष्ट्रात १९५९चा भीक प्रतिबंधक कायदा अजून लागू आहे. पहिल्याच खेपेला एक ते तीन वर्षं चेंबूरच्या भिक्षेकरी गृहासारख्या ठिकाणी डांबता येतं. दिल्ली हायकोर्टाने २०१८ साली त्यातली बहुतेक कलमं दिल्लीपुरती रद्द केली, आपल्याकडे नाही. त्यामुळे रात्री वही-पेन घेतलेला अनोळखी माणूस दिसला की लोक उठून चालायला लागतात, आणि ज्याने कधी भीक मागितली नाही तो आधी उठतो.

हाक वयाप्रमाणे: काका, मामा, मावशी, आजी, दादा. अरे-तुरे पोरासोरांनाही नको. "तुम्ही बेघर का झालात?" हा प्रश्न अजिबात विचारायचा नाही. त्याऐवजी साधे प्रश्न विचारा. गाव कोणतं? सामान कुठे ठेवता? सणाला गावी जाता का? आणि माझा आवडता प्रश्न: पावसाळ्यात कुठे असता? "पेरणीला गावी जातो" म्हणणाऱ्याचं गाव अजून शाबूत आहे. "पुलाखाली सरकतो" म्हणणाऱ्याचं नाही.

लालबागच्या बाजूला एका बंद दुकानाच्या पायरीवर एक काका झोपायचे, इस्त्रीचा शर्ट घालून. त्यांच्याशी झालेलं बोलणं जसं आठवतं तसं देते.

"काका, इथे डास नाहीत का?"

"आहेत की. फॅनचं बिल नाही पण."

"पावसात?"

"समोर बँकेच्या पायरीवर. वॉचमन ओळखीचा आहे, साडेदहानंतर झोपू देतो."

"सामान?"

"पानवाल्याकडे. इस्त्रीवाला पण ओळखीचा." मग स्वतःच म्हणाले, "मीपण वॉचमनच होतो."

हळूहळू कळलं ते असं. कोकणातून पोरवयात आले, गावकऱ्यांच्या खोलीत पथारी टाकली, गिरणीत बदली कामगार म्हणून लागले. खोलीत माणसं पाळीप्रमाणे झोपायची, कुणाच्या मालकीचं काही नव्हतं. ८२चा संप आला, गिरणी सुटली, गावकरी पांगले, खोली गेली. मग एका एजन्सीतर्फे वॉचमन. बिल्डिंगच्या जिन्याखाली झोपायची जागा. पंचवीसेक वर्षं त्यांना घर लागलंच नाही, कारण नोकरी जिथे तिथेच झोप. साठी उलटली, रात्री डोळा लागतो अशी तक्रार झाली, एजन्सीने नाव काढलं. पगार आणि जिना एकाच दिवशी गेले.

इथे मुलांचा पेन थांबतो. कारण सापडलं ना! संप, म्हातारपण, नोकरी गेली. पण मी विचारलं, "गावी घर आहे ना काका?"

"आहे. पुतण्यांनी स्लॅबचं बांधलंय."

"मग?"

"संपानंतर घरी एक पैसा लावला नाही. आता कोणत्या तोंडाने जेवायला बसू?"

गिरणी बंद पडल्याने ते घराबाहेर पडले, पण पायरीवर त्यांना शरमेने बसवलं होतं. पहिल्या कारणावर उपाय शोधलात तर रोजगार म्हणाल, सत्तरीच्या माणसाला रोजगार. दुसरं कारण कळलं तर एक फोन करावासा वाटेल, तोही त्यांना विचारूनच. वहीत दोन्ही लिहायचं, वेगवेगळ्या ओळीत.

अशी कामाला बांधलेली झोप शोधत जा, ती फार आहे. हॉटेलातली पोरं टेबलं जोडून झोपतात, बांधकामावरचे साइटवर, घरकाम करणाऱ्या मावश्या मालकिणीच्या स्वयंपाकघरात. काम आहे तोवर जनगणनेच्या लेखी हे बेघर नाहीत. टाळेबंदीत, मार्च २०२०मध्ये, हे सगळे एकदम रस्त्यावर दिसले तेव्हा शहराला धक्का बसला. त्यांना घर आधीही नव्हतं.

बायका रात्री दिसत नाहीत

एकटी बाई रात्री झोपत नाही. ती स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये, दवाखान्याच्या ओपीडीच्या बाकावर बसून राहते, नाहीतर एखाद्या कुटुंबाच्या ताडपत्रीच्या कडेला पडते आणि बदल्यात त्यांची पोरं सांभाळते. झोप दिवसा, बागेत, इतर बायकांच्या शेजारी. तुमच्या मोजणीत बायका कमी आल्या तर त्या नाहीत असं समजू नका, दुपारी एक फेरी मारा. त्यांच्याशी बोलायला मुलींनीच जायचं.

बायकांचं पहिलं कारण बहुधा घरातच असतं: मारहाण, दुसरी बायको, वैधव्यानंतर दिराने दाखवलेला रस्ता, मूल न होणं. माहेर एकदा-दोनदा ठेवून घेतं, भावाचं लग्न झालं की तेही दार लागतं. कुणाला आधी पुरुषाचा आधार धरावा लागतो, मग त्या पुरुषापासून सुटता येत नाही. "तिच्याबरोबर माणूस आहे" म्हणजे ती सुरक्षित आहे असं लिहू नका. तृतीयपंथी माणसांचंही पहिलं दार घरचंच बंद होतं, फक्त कमी वयात. शिक्षण तिथेच तुटतं, खोली भाड्याने मिळत नाही, आणि निवाऱ्यात गेलं तर पुरुषांच्या दालनात झोपायला सांगतात.

मनोरुग्ण माणूस ओळखायला शिकवावं लागत नाही, घाबरू नका हे शिकवावं लागतं. एकावर एक चढवलेले कपडे, चिंध्यांची गाठोडी, स्वतःशी बोलणं. यातले कित्येक दुसऱ्या राज्यातून गाडीत बसून भरकटत आलेले असतात, घरचे शोधत असतात. कर्जतच्या श्रद्धा फाउंडेशनने अशी हजारो माणसं बरी करून घरी पोहोचवली. डॉ. भरत वाटवानींना त्यासाठी २०१८ साली मॅगसेसे मिळालं. नगरजवळ डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे यांची माउली ही संस्था केवळ अशा बायकांसाठी आहे. तुमच्या कामाची गोष्ट ही: २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम १०० प्रमाणे रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णाला ताब्यात घेऊन चोवीस तासांत सरकारी दवाखान्यात नेणं हे पोलिसांचं कर्तव्य आहे, आणि लॉकअपमध्ये ठेवायला मनाई आहे. चौकीत गेलात की कलमाचा नंबर सांगा. फरक पडतो.

लहान मूल एकटं दिसलं तर १०९८ला, मुलांच्या हेल्पलाइनला, फोन करा. प्रश्न विचारत बसू नका, पत्ता तर मुळीच नको. पळून आलेलं मूल ज्या घरातून पळालं तिथेच परत पाठवायचं की नाही हे ठरवायला बालकल्याण समिती आहे.

दार ज्यांच्या मागे बंद झालं

एक गट विद्यार्थ्यांच्या वहीत येतच नाही: संस्थेतून सुटलेले. तुरुंगातून, मनोरुग्णालयातून, व्यसनमुक्तीतून, आणि अठरा पूर्ण झाली म्हणून बालगृहातून. कायद्यात पुढची देखभाल एकविसाव्या वर्षापर्यंत आहे, पण ती सगळ्यांपर्यंत पोहोचत नाही. वीस-बावीसचा, नीट बोलणारा, फॉर्म भरता येणारा मुलगा फुटपाथवर दिसला तर "लहानपणी कुठे होतास?" हे जरूर विचारा. तोवर तुमची त्याच्याशी ओळख झालेली असेल, तोच म्हणेल अहो-जाहो नको.

नशेबद्दल एवढंच: आधी नशा की आधी रस्ता, हे विचारल्याशिवाय लिहू नका. दिवसभर गोण्या उचललेल्या पाठीला डासांत, गाड्यांच्या आवाजात झोप लागायला काय लागतं, ते त्यांनाच विचारा. कित्येकांची पहिली क्वार्टर रस्त्यावरचीच असते. गर्दुल्ला हा शब्द आमच्या ऑफिसात चालत नाही.

"निवारे आहेत ना, तिथे का जात नाहीत?" हा प्रश्न तुम्हाला घरी गेल्यावर आई-बाबा विचारतील. उत्तर तयार ठेवा. सुप्रीम कोर्टाने २०१०मध्ये आदेश दिले आणि २०१३च्या केंद्राच्या योजनेत नियम आला की शहरात दर लाख लोकांमागे एक निवारा हवा, माणशी ५० चौरस फूट. २०११ची मुंबईची १ कोटी २४ लाख लोकसंख्या धरली तर सव्वाशे निवारे झाले. प्रत्यक्षातले त्याच्या जवळपासही नाहीत. जे आहेत त्यांत नवरा एकीकडे, बायको-पोरं दुसरीकडे. हातगाडी आत येत नाही. नाक्यापासून लांब. शिवाय हा सगळा विषय दिल्लीच्या थंडीने कोर्टात गाजला, म्हणून इकडेही दात्यांना डिसेंबरात जाग येते आणि ब्लँकेटं येतात. मुंबईत माणसाचे हाल जुलैत होतात. ब्लँकेट भिजलं की ओझं. द्यायचंच असेल तर मेच्या अखेरीस जाड ताडपत्री आणि नायलॉनची दोरी द्या.

फेरीनंतर

घरी आल्यावर झोपण्याआधी लिहा, सकाळी अर्धं विसरलेलं असतं. नाव लिहू नका, जागा लिहा. शेवटचं चार भिंतींच्या आत कधी झोपले, तिथून निघताना काय झालं, आज कशामुळे परत जाता येत नाही, एवढं आलं तरी पुष्कळ. कुठल्या प्रकारात बसवायचं ते आत्ता नको. तीच बाई विधवा असते, पारधी असते, पायाने अधू असते आणि गजरेही विकते.

आणि एक काम लगेच करता येतं ते करा. मतदार यादीत नाव घालायला बेघर माणसाला पत्त्याचा पुरावा लागत नाही. फॉर्म ६ मध्ये तो झोपतो ती जागा लिहायची. बीएलओने, म्हणजे मतदान केंद्राची यादी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याने, एकापेक्षा जास्त रात्री तिथे येऊन तो खरंच तिथे झोपतो का हे पाहायचं, असा निवडणूक आयोगाचाच नियम आहे. हे बऱ्याच बीएलओंनाही माहीत नसतं, म्हणून नियमाची छापील प्रत बरोबर न्या. फॉर्मवर "फुटपाथ, लालबाग" एवढंच लिहू नका, रात्री अंधारात सापडणार नाही. दुकानाचं नाव, विजेच्या खांबाचा नंबर, रस्त्याची कुठली बाजू, आणि माणूस तिथे किती वाजता येतो, हे सगळं लिहा. ती वेळ बीएलओला फोन करून आदल्या दिवशी पुन्हा सांगा.